विश्लेषण : नाला खोल केला की पाणी मुरतेच का? शिरपूर, बारीपाडा आणि खान्देशच्या जमिनीचा धडा

मे महिना आला की धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतील नाल्यांत पोकलेन उतरतात. कुठे लोकवर्गणीतून, कुठे सरकारी निधीतून, तर कुठे एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीतून खोदकाम होते. पहिल्या मोठ्या पावसात खड्डे भरतात, तुडुंब पाण्याचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात. पुढच्या मार्चमध्ये मात्र त्याच शिवारातल्या काही विहिरींना पाणी असते आणि काहींचा तळ दिसतो. खोदकाम सारखे, यंत्रे सारखी, पाऊसही जवळपास सारखा. मग फरक कुठे पडतो? त्याचे उत्तर जमिनीखाली आहे. पावसाचे पाणी धरण्यासाठी जमिनीला आकार कसा द्यायचा हे खान्देशाने गेल्या दोन दशकांत मोठ्या प्रमाणावर करून पाहिले. त्यातून काय समजले, याचा हा आढावा.

पावसाचे गणित काय?

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. या हिशेबाने ६०० मिलिमीटर पावसात एका एकरावर सुमारे २४ लाख लिटर पाणी पडते. हा आकडा मोठा आहे. अडचण अशी, की हा पाऊस चार महिन्यांत आणि त्यातही मोजक्या दिवसांत कोसळतो. तासाभराच्या जोरदार सरीत जमीन जेवढे पाणी पिऊ शकते, त्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी वरून येते. उरलेले ओघळीतून नाल्यात, नाल्यातून पांझरा, बोरी, अनेर, गिरणा अशा नद्यांत आणि शेवटी तापीत जाते. जाताना ते शेतातली सुपीक मातीही सोबत नेते.

भूजलाच्या सरकारी मूल्यांकनात वापरले जाणारे ढोबळ प्रमाण पाहिले, तर काळ्या पाषाणाच्या म्हणजे बेसॉल्टच्या प्रदेशात पडलेल्या पावसाचा साधारण दहावा हिस्सा जमिनीत मुरतो. नदीच्या गाळाच्या प्रदेशात हे प्रमाण त्याच्या दुपटीच्या आसपास धरले जाते. पाणलोटाची सगळी कामे हा हिस्सा वाढवण्यासाठी असतात. त्यामागचे तत्त्व गावोगावी पाठ झालेले आहे : धावणारे पाणी चालते करायचे, चालणारे थांबवायचे आणि थांबलेले जिरवायचे.

एकाच खान्देशात दोन जमिनी कशा?

तापीच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत शिरपूर, चोपडा, यावल आणि रावेर या तालुक्यांत गाळाचा पट्टा आहे. हा गाळ काही ठिकाणी शेकडो फूट जाड आहे. त्यात माती, वाळू आणि गोटे यांचे थर एकावर एक येतात. अगदी डोंगराच्या पायथ्याशी मोठे दगडगोटे आणि भरड वाळू असलेला पट्टा आहे. भूशास्त्रात त्याला ‘बझाडा’ म्हणतात. हा पट्टा पाणी झपाट्याने शोषतो.

तापीच्या दक्षिणेला धुळे, साक्री, पारोळा, चाळीसगाव या बाजूला प्रामुख्याने बेसॉल्ट आहे. या खडकात पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि भेगांमध्ये. खालचा घट्ट पाषाण पाणी घेतही नाही आणि देतही नाही. त्यात धुळे जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आहे. लाव्हा जमिनीच्या उभ्या भेगांत थिजून तयार झालेल्या लांबच लांब दगडी भिंती इथे मोठ्या संख्येने आहेत. त्यांना ‘डाइक’ म्हणतात. काही डाइक जमिनीखाली बंधाऱ्यासारखे पाणी अडवतात, तर भेगाळलेले डाइक पाणी वाहून नेतात. त्यामुळे डाइकच्या एका बाजूची विहीर भरलेली आणि दुसऱ्या बाजूची कोरडी, असेही घडू शकते.

साठवणक्षमतेतला फरक तर फारच मोठा आहे. एक हेक्टर क्षेत्रातला एक मीटर जाडीचा मुरमाड बेसॉल्ट पूर्ण भरला, तर त्यातून उपशासाठी साधारण दोन-तीन लाख लिटर पाणी मिळते. तेवढ्याच जाडीच्या वाळूच्या गाळातून दहा लाख लिटरहून अधिक मिळू शकते. म्हणजे एक तांब्या आणि दुसरा हौद. बेसॉल्टमधली विहीर थोड्या पाण्यानेही भराभर वर येते आणि उपसा सुरू झाला की तितक्याच लवकर खाली जाते. म्हणून ‘पातळी इतके मीटर वाढली’ या एका आकड्यावरून पाणी किती साठले हे कळत नाही.

शिरपूर पॅटर्न नेमका काय आहे?

शिरपूर तालुक्यात २००४ पासून हे काम सुरू झाले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी त्याची आखणी केली आणि शिरपूरचे तेव्हाचे आमदार अमरीश पटेल यांनी त्यामागे यंत्रणा उभी केली.

खानापूरकर यांचे निरीक्षण साधे होते. गाळाच्या पट्ट्यात वर पिवळ्या चिकण मातीचा जाड थर आहे. तो पाणी खाली जाऊ देत नाही. त्याखाली वाळूचे थर आहेत. वर्षानुवर्षांच्या उपशाने ते रिकामे झाले आहेत. म्हणजे खाली हौद आहे, पण त्याचे झाकण बंद आहे. पाऊस पडला तरी झाकणावरून वाहून जातो. त्यामुळे हे झाकण कापायचे, असे ठरले.

त्यासाठी लहान नाले काही ठिकाणी २० ते ३० मीटर रुंद आणि १० ते १५ मीटर खोल करण्यात आले. ठरावीक अंतरावर दारे नसलेले सिमेंट बंधारे बांधले. एक भरला की पाणी त्याच्या माथ्यावरून पुढच्यात जाते. दारेच नसल्याने ती चोरीला जाण्याचा किंवा वेळेवर न टाकण्याचा प्रश्नही उरला नाही. याशिवाय धरणातले जादा पाणी कालव्यातून आणून कोरड्या पडलेल्या विहिरींत सोडण्यात आले.

या खोदकामाची क्षमता कळण्यासाठी एक हिशेब पुरेसा आहे. एक किलोमीटर लांब, २० मीटर रुंद आणि १० मीटर खोल नाला एकदा भरला की २० कोटी लिटर पाणी साठते. बाजू उतरत्या असल्याने प्रत्यक्षात आकडा कमी असतो, पण पावसाळ्यात तो अनेकदा भरतो आणि मुरतो. कोरड्या विहिरींना पाणी आले, एका पिकावर थांबलेली शेते दोन पिके घेऊ लागली आणि ‘शिरपूर पॅटर्न’ पाहायला राज्यभरातून लोक येऊ लागले.

मग तो सगळीकडे का चालत नाही?

कारण शिरपूरमध्ये खोदकाम हा उपाय होता आणि पिवळ्या मातीचे झाकण हा आजार होता. जिथे तो आजारच नाही, तिथेही उपाय तसाच उचलण्यात आला. पोकलेन दिसते आणि मोजता येते, त्यामागचे भूशास्त्र दिसत नाही.

बेसॉल्टच्या भागात नाला जास्त खोदला तर उलटा परिणाम होऊ शकतो. आजूबाजूच्या शेतांखाली मुरमाच्या थरात साठलेले पाणी नाल्याच्या कापलेल्या काठातून पाझरून बाहेर येते. खड्ड्यात पाणी दिसते, गाव खूश होते. पण ते पाणी शेजारच्या विहिरींचे असते. उघड्यावर आल्याने त्यातले बरेचसे उन्हाळ्यात वाफ होऊन जाते. त्याउलट खाली घट्ट पाषाण लागला तर खड्डा नुसते टाके होतो. पाणी साठते, मुरत नाही.

दुसरा धोका गाळाचा. वरच्या उतारावर काहीच काम न करता खाली नाला खोदला, तर दोन-तीन पावसाळ्यांत माती वाहून येते आणि तळाला बारीक गाळाचा थर बसतो. पाणी मुरणे मंदावते. खोदून काढलेला मुरूम काठावरच टाकला असेल तर तोही पहिल्या पावसात परत खाली येतो.

या शक्यता लक्षात घेऊन राज्य सरकारने २०१३ मध्येच नाला खोलीकरणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. माथ्यापासून पायथ्याकडे काम करायचे, खोली साधारण तीन मीटरच्या मर्यादेत ठेवायची आणि भूजल असलेला थर उघडा पाडायचा नाही, असा त्यांचा आशय होता.

उतारावर काम कसे करतात?

पाणलोटाचे पहिले काम नाल्यात नसते, ते माथ्यावर असते. तिथे समतल चर खोदतात. समान उंचीवरच्या बिंदूंना जोडणाऱ्या रेषेवर, म्हणजे उताराला आडवे, हे चर असतात. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चराच्या एका मीटरमध्ये १८० लिटर पाणी मावते. शंभर मीटर चरात १८ हजार लिटर. हंगामात चर जितक्या वेळा भरून मुरेल, तितक्या वेळा हा आकडा मोजायचा.

यात खरे कौशल्य खोदण्याचे नसून आखण्याचे आहे. चराचा तळ एका बाजूला जरी झुकला, तरी सगळे पाणी तिथे गोळा होऊन बांध फुटतो. एक चर फुटला की त्याचा लोंढा खालचे चरही फोडतो आणि मुरवण्यासाठी केलेल्या कामातून नवी ओघळ तयार होते. समपातळी रेषा काढण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन पट्ट्यांना बांधलेला ‘हायड्रोमार्कर’ किंवा तीन काठ्या आणि ओळंब्याची ‘ए-फ्रेम’ पुरते. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी सारख्याच खुणेवर आले की दोन्ही जागा एका पातळीत आहेत. २०१६ ते २०१९ दरम्यान झालेल्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत गावकऱ्यांना हेच शिकवले गेले. अमळनेरसह खान्देशातील गावांनीही त्यात श्रमदान केले.

माथ्याच्या खाली, शेतांमध्ये, बांधबंदिस्ती येते. शेताचे चारही बाजूंनी बांध घातलेले कप्पे केले की पाऊस जिथे पडला तिथेच थांबतो. त्यानंतर ओघळींत दगडी बांध, पुढे गॅबियन आणि माती नाला बांध, आणि सर्वांत शेवटी मोठ्या नाल्यात सिमेंट बंधारा किंवा खोलीकरण. हा क्रम उलटा झाला तर खालचे काम गाळाने भरते.

शेततळ्याबाबत एक गल्लत नेहमी होते. ३० बाय ३० मीटर आणि तीन मीटर खोल तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. ते वाहून जाणाऱ्या पावसाने भरले तर उत्तमच. पण प्लॅस्टिकचे अस्तर टाकून ते बोअरच्या पाण्याने भरले, तर जमिनीखाली सुरक्षित असलेले सर्वांचे पाणी एकाच्या तळ्यात उघड्यावर येते. त्याला जलसंधारण म्हणता येत नाही.

बारीपाड्याने वेगळे काय केले?

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, गुजरात सीमेजवळ बारीपाडा हा आदिवासी पाडा आहे. तिथे यंत्रांआधी नियम आले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने उजाड झालेले जंगल राखायला घेतले. झाड तोडणाऱ्याला दंड, चराईवर बंधने आणि राखणीची जबाबदारी गावाकडे. सोबत श्रमदानातून चर आणि दगडी बांध झाले. आज ४०० हेक्टरांहून अधिक जंगल गाव सांभाळते. रानभाज्यांची तिथली स्पर्धा राज्यात प्रसिद्ध आहे. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

जंगलाचा पाण्याशी संबंध थेट आहे. झाडोरा पावसाच्या थेंबाचा मार झेलतो, पालापाचोळा पाण्याचा वेग कमी करतो, मुळे माती भुसभुशीत ठेवतात. त्यामुळे चर लवकर गाळाने भरत नाहीत. पश्चिम साक्रीत पाऊसही धुळे शहरापेक्षा जास्त असतो, हे मात्र तुलना करताना विसरता येत नाही. शिरपूरने झाकण कापले, बारीपाड्याने डोंगर झाकला. दोन्ही बरोबर, कारण दोन्हींनी आपापली जमीन पाहून उपाय निवडला.

सरकारी योजनांचा अनुभव काय?

डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. दरवर्षी ५,००० गावे टंचाईमुक्त करण्याचे उद्दिष्ट होते. नाला खोलीकरण आणि रुंदीकरण हे त्यातले सर्वांत ठळक काम ठरले. अशास्त्रीय खोदकामावर आक्षेप घेत अर्थतज्ज्ञ प्रा. एच. एम. देसरडा उच्च न्यायालयात गेले. त्यानंतर माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०२० मध्ये ‘कॅग’च्या अहवालाने ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च होऊनही गावांची पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजलपातळी वाढवण्यात अभियानाचा परिणाम कमी दिसल्याचा निष्कर्ष काढला. ही तपासणी सहा जिल्ह्यांतील १२० गावांत झाली होती. अभियानाच्या समर्थकांचे म्हणणे असे, की अनेक गावांत टँकर थांबले आणि संरक्षित सिंचन मिळाले.

दोन्ही बाजूंच्या दाव्यांत एक गोष्ट निसटते. ‘कामे किती झाली’ हे मोजले गेले, ‘पाणी किती मुरले आणि कोणी किती उपसले’ हे फारसे मोजले गेले नाही. अभियानाचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. त्यापुढेही हाच प्रश्न आहे.

तापी मेगा रिचार्जचा याच्याशी संबंध काय?

सातपुड्याच्या पायथ्याचा बझाडा पट्टा पाणी झपाट्याने पितो, याच गुणावर ही योजना उभी आहे. नव्वदच्या दशकात केंद्रीय भूजल मंडळाने यावल तालुक्यात पाझर तलाव आणि पुनर्भरण विहिरींचे प्रयोग केले होते. तापी मेगा रिचार्ज ही त्याच विचाराची खूप मोठी आवृत्ती म्हणता येईल. १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तिच्या करारावर सह्या केल्या. खरिया गुटीघाट येथे तापीवर बंधारा बांधून दोन्ही तीरांवरच्या कालव्यांतून पाणी वळवायचे, असा आराखडा आहे. एकूण ३१.१३ टीएमसी पाण्यापैकी १९.३६ टीएमसी महाराष्ट्राच्या वाट्याचे आहे आणि राज्यातील २,३४,७०६ हेक्टरांना त्याचा लाभ अपेक्षित आहे. रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातल्या केळी उत्पादकांचे डोळे या योजनेकडे लागले आहेत. मात्र एवढ्या मोठ्या कामाला वर्षे लागतात आणि विहिरींची पातळी तोवर थांबून राहणार नाही.

मुरलेले पाणी कोणाचे?

खरी अडचण इथे आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या भागाचे अर्थकारण केळीवर चालते. पण केळीला वर्षभरात साधारण १,५०० ते २,००० मिलिमीटर पाणी लागते आणि पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास. कमीत कमी गरज धरली आणि शेतावर पडलेला सगळा पाऊस पिकालाच मिळाला असे मानले, तरी ८०० मिलिमीटरची तूट उरते. गाळाच्या जमिनीत पावसाचा पाचवा हिस्सा मुरतो असे धरले, तर एका एकरातून १४० मिलिमीटर पाणी खाली जाते. म्हणजे एक एकर केळीला आणखी पाच-सहा एकर जमिनीने मुरवलेले पाणी लागते. ठिबकमुळे गरज कमी होते. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर केळी लावली, तर हिशेब पुन्हा तिथेच येतो.

ज्याच्या शेतातून पाणी मुरते आणि जो ते उपसतो, ते दोघे बहुतेक वेळा वेगळे असतात. महाराष्ट्र भूजल कायदा २००९ नुसार शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यावर बंदी आहे. बोअरच्या गाड्या रात्रंदिवस फिरतात, तेव्हा ही मर्यादा कागदावरच असल्याचे दिसते. त्यामुळे ज्याच्याकडे जास्त खोल बोअर घेण्याची ऐपत आहे, त्याच्यापर्यंत गावाच्या श्रमदानाचे पाणी आधी पोहोचते. उथळ विहिरीवर चार-पाच जणांचे घर चालवणारा शेतकरी मार्चमध्येच हात टेकतो.

खान्देशाला याचे उत्तर नवे नाही. पांझरेसारख्या नद्यांवरची फड पद्धत काही शतके चालली. नदीवर बंधारा, त्यातून उताराने वाहणारा पाट आणि पाटाखालची जमीन ‘फडां’मध्ये विभागलेली. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे शेतकरी मिळून ठरवत. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवला जाई. पाणी देण्यासाठी पाटकरी, राखणीला जागल्या आणि देखरेखीला हवालदार असे. बंधारा हा त्या व्यवस्थेचा अर्धा भाग होता, उरलेला अर्धा भाग नियमांचा. अलीकडच्या काळात अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने तेच केले. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावर पिके ठरवायची. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत.

गावाने खोदकामाआधी काय पाहावे?

पहिले, शिवारातल्या जुन्या विहिरींच्या कापातून थर पाहावेत. पिवळी माती किती, मुरूम किती, पाषाण कुठे लागतो, हे विहीर खोदणारा माणूस सांगू शकतो. दुसरे, जिल्ह्यातील भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात विचारणा करावी. ही यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मेमध्ये, मोजते. तिसरे, माथ्याचे काम झाल्याशिवाय नाल्यात यंत्र उतरवू नये. चौथे, काढलेला मुरूम आणि गाळ कुठे जाणार हे आधी ठरवावे. पाचवे, गावातल्या आठ-दहा विहिरींची पातळी दर महिन्याला दोरी टाकून मोजावी आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी.

आणि सहावी गोष्ट, जी पोकलेनच्या भाड्यात येत नाही : ऑक्टोबरमध्ये ग्रामसभेत बसून रब्बीला पाणी किती आहे आणि कोणते पीक किती एकर घ्यायचे, हे ठरवणे. चर आणि बंधारे एका उन्हाळ्यात उभे राहू शकतात. विहिरींना मार्चमध्ये पाणी राहील की नाही, हे बहुतेक वेळा या ऑक्टोबरच्या बैठकीवर ठरते.